दोन मानपाडे, दोन राज्ये

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहरात, घोडबंदरच्या रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरे डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर. नव्या पाहुण्याला पत्ता सांगताना "ठाण्याचा मानपाडा की डोंबिवलीचा?" हा खुलासा आधी करावा लागतो. नाही केला तर बिचारा पाहुणा खाडीच्या भलत्याच बाजूला उतरतो आणि जेवायच्या वेळेला म्हणून निघालेला चहाच्या वेळेला पोहोचतो!

आज ही चूक फार तर तास-दोन तासांची. पण श्रोतेहो, सव्वादोनशे वर्षांपूर्वी अशी चूक करणारा माणूस परराज्यात जाऊन पडला असता. कारण ठाण्याच्या मानपाड्याची जमीन साष्टी बेटावर आहे आणि डोंबिवलीच्या मानपाड्याची जमीन कल्याण प्रांतात. या दोहोंच्या मध्ये खाडी आहे. आणि ही खाडी अठराव्या शतकात बराच काळ दोन राज्यांची सरहद्द होती. अल्याड एकाचे निशाण, पल्याड दुसऱ्याचे. त्या सरहद्दीवर दोन शेजारी सत्तांनी तह केले, वकील धाडले, मिळून मोहिमा केल्या आणि अखेर एकमेकांवर तोफाही डागल्या. उत्तर कोकणातल्या या दोन शेजाऱ्यांची, म्हणजे पुणेकर मराठ्यांची आणि मुंबईकर इंग्रजांची, गोष्ट आज सांगावयाची आहे.

सुरुवातीला एका शब्दाचा खुलासा करतो. आज वकील म्हटले की आपल्याला काळा डगला आणि कोर्टाची पायरी आठवते. त्या काळी वकील म्हणजे एका दरबाराचा माणूस दुसऱ्या दरबारी राहणारा. ज्याला आज आपण राजदूत म्हणतो तो. धन्याचे बोलणे गोड करून सांगावयाचे, समोरच्याचे बोलणे नीट ऐकावयाचे, आणि जे बोलले जात नाही तेही कळवावयाचे, असे त्याचे काम. नजराणे, पोशाख, मेजवान्या हे सगळे त्याच्याबरोबर येई. ही राजनीतीची भाषा त्या काळच्या आपल्या कारभाऱ्यांना चांगली अवगत होती. अडाणीपणामुळे आपण फसलो असे जर कोणी म्हणेल तर ते खरे नाही.

आता जागेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि त्या पाठोपाठ साष्टी त्यांच्या अमलाखाली गेली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले, तेव्हा मुंबई बेट आंदणात देण्याचे कबूल झाले. १६६८ साली राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. इकडे कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांनी १६५७ सालीच घेतली होती. मध्ये मोगलांचा अंमल येऊन गेला, आणि १७२० च्या सुमारास कल्याण प्रांत पुन्हा मराठ्यांकडे आला. म्हणजे एका खाडीच्या काठी तीन शेजारी झाले: मुंबईत इंग्रज, साष्टी-वसईत पोर्तुगीज आणि कल्याणास मराठे. तीन शेजारी असले म्हणजे काय होते हे चाळीत राहिलेल्यांना सांगावयास नको. दोघे मिळून तिसऱ्याविरुद्ध कुजबुजतात, आणि ते दोघे कोण हे दर महिन्याला बदलते!

१७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पोर्तुगीज तो बांधीतच होते; काम पुरे झालेले नव्हते. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांच्यासारखी स्थानिक मंडळी मराठ्यांना सामील होती. पुढे चिमाजीअप्पांनी वसईला वेढा घातला. त्या वेळी मुंबईकर इंग्रजांचे वागणे पाहण्याजोगे आहे. पोर्तुगीज त्यांचे धर्मबंधू म्हणविले जाणारे, युरोपातले जुने स्नेही. त्यांनी मदतीची याचना केली. इंग्रजांनी हिशेब केला. वसईकरांना पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले, पण देवळातली चांदीची उपकरणी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेतल्यावर! सैन्य मात्र दिले नाही. जो हरणार असे दिसते त्याच्यासाठी जिंकणाऱ्याशी वैर कशाला, हा व्यापाऱ्याचा विचार.

मे १७३९ मध्ये वसई पडली. पडली तीही मानाने: पोर्तुगीजांना आपली माणसे व चीजवस्तू घेऊन जाऊ देण्यात आले. आणि तोफांचा धूर विरतो न विरतो तोच मुंबईहून दोन इंग्रज कप्तान दोन दिशांना निघाले. कॅप्टन इंचबर्ड वसईस चिमाजीअप्पांकडे आले. कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहूमहाराजांकडे गेले. इंचबर्ड यांचे काम उघड होते, तह करण्याचे. जुलै १७३९ मध्ये तो झाला आणि मराठी मुलखात इंग्रजांना व्यापाराची मोकळीक मिळाली. गॉर्डन यांच्याकडे महाराजांस देण्याचे नजराणे होते, आणि त्याबरोबर आणखी एक कामगिरी होती: बाजीरावांच्या वाढत्या सत्तेबद्दल सातारा दरबारात कोणाच्या मनात काय आहे, हे पाहून येण्याची. एकीकडे स्नेहाचा हात, दुसरीकडे घरातल्या भिंतीला लावलेला कान. ही दोन्ही कामे मुंबईच्या एकाच कचेरीतून एकाच वेळी निघाली होती, हे ध्यानात ठेवा.

पण पुढची काही वर्षे शेजार बरा चालला, हेही सांगितले पाहिजे. मुंबई हे बेट. पेठ मोठी, बंदर उत्तम. पण पोटापुरते पिकणारी जमीन नाही. तांदूळ, जळण आणि गलबतांना लागणारे लाकूड हे सारे समोरच्या किनाऱ्यावरून यावयाचे. कल्याण, भिवंडी, पनवेल इथल्या माणसाला मुंबईची पेठ हवी होती आणि मुंबईच्या माणसाला इथला माल. खाडीतून पडाव ये-जा करीत. दोघांनाही शांतता हवी होती, आणि जोवर दोघांनाही हवी होती तोवर ती टिकली. तहाच्या कलमांपेक्षा भाताच्या गोण्यांनी ती अधिक सांभाळली असे म्हटले तरी चालेल.

या सहकार्याचा कळस १७५५ साली झाला, आणि माझ्या मते नाशाची पायाभरणीही त्याच साली झाली. कोकणकिनाऱ्यावर तुळाजी आंग्रे यांचे आरमार प्रबळ होते. ते इंग्रजांची जहाजे पकडीत, आणि नानासाहेब पेशव्यांनाही जुमानीत नसत. दोघांचे दुखणे एकच. तेव्हा मार्च १७५५ मध्ये करार झाला. पेशव्यांच्या बाजूने तो करणारे कल्याणचे सुभेदार रामाजी महादेव बिवलकर. कल्याणच्या सुभेदार वाड्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, तेच हे. म्हणजे या आंतरराष्ट्रीय कराराचे एक टोक आपल्या डोंबिवलीच्या मानपाड्यापासून दोन-तीन कोसांवरच होते म्हणाना!

करार झाला, आणि एप्रिलात कमोडोर जेम्स यांनी समुद्रातून व मराठ्यांनी जमिनीवरून सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, अॅडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. हा क्लाइव्ह तोच, जो वर्ष-सव्वा वर्षाने प्लासीला दिसणार होता. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. किल्ल्यातला सुमारे दहा लाखांचा ऐवज इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. किल्लाही लगेच सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्यास नवा तह झाला तेव्हा कुठे विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. त्याबदल्यात बाणकोट आणि काही गावे इंग्रजांकडे राहिली.

आता हिशेब मांडून पाहा. पेशव्यांना एक हट्टी सरदार नको होता, तो गेला. इंग्रजांना किनाऱ्यावरचे मराठी आरमार नको होते. त्यातले सर्वांत जबर आरमार गेले. दोघेही खूश! पण पेशव्यांचा फायदा एका माणसापुरता होता, आणि इंग्रजांचा फायदा शंभर वर्षांचा. तुळाजी दंडेल होते, त्यांनी रयतेलाही त्रास दिला, हे खरे. तरी घरातला दांडगा कुत्रा चावतो म्हणून शेजाऱ्याकडून मारवला, तर त्या रात्रीपासून दाराशी भुंकणार कोण?

याची समज आपल्याकडे नव्हती असे नाही. त्याआधी चाळीस वर्षे, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी सावधगिरी लिहून ठेवलेली होती. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे राज्ये उभी आहेत; व्यापाराला यावे-जावे, पण समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी यांना कायमची जागा देऊ नये, अशा आशयाचा तो उपदेश आहे. लिहिलेले होते, पण गरजेच्या वेळी जुने कागद कोण उघडतो?

पुढे मुंबईकरांना एकच ध्यास लागला: साष्टी. बेटाला भात हवे, लाकूड हवे, आणि बंदराच्या पाठीशी परक्याचा किल्ला नको. १७६७ साली थॉमस मोस्टिन पुण्यास वकील म्हणून आले आणि त्यांनी साष्टी-वसईची गोष्ट काढली. थोरले माधवराव गादीवर होते. त्यांनी दाद दिली नाही. १७७२ साली मोस्टिन पुन्हा आले ते राहावयासच. त्याच वर्षी नोव्हेंबरात माधवराव वारले. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव एकीकडे, बारभाई दुसरीकडे. पेशव्यांचे घर फुटले, आणि घराच्या आत, पाहुण्याच्या जागी, शेजाऱ्याचा वकील बसलेला होता.

डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईच्या कौन्सिलाने कारण पुढे केले की गोव्याचे पोर्तुगीज आपले जुने मुलूख परत घ्यावयास येत आहेत. ते घेण्याआधी आपण घ्यावेत. किल्लेदाराला पैशाने फोडण्याचा प्रयत्न आधीच झाला होता. तो साधला नाही. मग जनरल गॉर्डन फौज घेऊन ठाण्यावर आले. खंदक बुजविण्याचा पहिला प्रयत्न किल्ल्यातल्या शिबंदीने उधळून लावला. इंग्रजांचे पुष्कळ लोक पडले. कमोडोर वॉटसन हे या लढ्यात जखमी होऊन मेले. (विजयदुर्गचे अॅडमिरल वॉटसन वेगळे.) वर्षाच्या अखेरच्या आठवड्यात किल्ला पडला, आणि शिबंदीची मोठी कत्तल झाली. नव्या वर्षाच्या आरंभी सारी साष्टी इंग्रजांची झाली होती. तेव्हा युद्ध पुकारलेले नव्हते. १७३९ चा स्नेहाचा तह कोणी मोडला असेही जाहीर झालेले नव्हते. पुण्यात इंग्रजांचा वकील होता, मुंबईच्या पेठेत मराठी मुलखातला तांदूळ विकला जात होता, आणि ठाण्याच्या तटाखाली मराठी माणसे मरत होती.

पुढचा कागदोपत्री इतिहास लांब आहे. तो थोडक्यात सांगतो. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. कलकत्त्याला तो तह पसंत पडला नाही. मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा नवा तह झाला, पण साष्टी त्यातही इंग्रजांकडेच राहिली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजी फौज कोंडली गेली, तेव्हा घेतलेले सर्व परत देण्याचे त्यांनी कबूल केले. फौज सुखरूप मुंबईस पोहोचल्यावर मुंबईकर म्हणाले, हा करार आम्हांला मान्य नाही! अखेर १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह झाला. महादजी शिंदे त्याला दोन्ही बाजूंनी जामीन राहिले. वसई परत मिळाली. साष्टी गेली ती गेलीच.

आणि म्हणून, श्रोतेहो, मधली लढाईची वर्षे सोडली तर १७७४ पासून १८१७ पर्यंत आपले दोन मानपाडे दोन राज्यांत होते. ठाण्याच्या मानपाड्याच्या जमिनीवर कंपनीचा अंमल, डोंबिवलीच्या बाजूला पेशव्यांचा. १८१७ च्या पुण्याच्या तहाने कल्याणसह उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले, तेव्हा ही सरहद्द संपली. दोन शेजाऱ्यांपैकी एकच उरला म्हणून ती संपली. अशा रीतीने मिटलेल्या भांडणाला समेट म्हणत नाहीत.

इथे कोणी विचारील, शेजारी राज्यांचे असेच व्हावयाचे काय? बळी तो कान पिळी, आणि तह म्हणजे पुढच्या लढाईपर्यंतची विश्रांती? तसे नाही. दुसरे उदाहरण देतो, आणि ते फार दूरचे, युरोपच्या उत्तर टोकाचे आहे.

स्वीडन आणि नॉर्वे हे दोन शेजारी देश १८१४ पासून एका राजाखाली होते. नॉर्वेची व्यापारी जहाजे जगभर फिरत. परदेशी बंदरांतून आपले स्वतःचे वकील असावेत असे नॉर्वेकरांना वाटे, आणि स्वीडनचा राजा ते मान्य करीना. ७ जून १९०५ रोजी नॉर्वेच्या लोकसभेने संयोग संपल्याचे जाहीर केले. ऑगस्टात मतदान झाले: वेगळे होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ आणि विरुद्ध अवघी १८४ मते. दोन्हीकडे फौजा सरहद्दीवर उभ्या राहिल्या. आता पेट घेणार असे वाटत असता दोघांचे प्रतिनिधी स्वीडनमधील कार्लस्टाड या गावी बसले. बोलणी मोडता मोडता राहिली, पण सप्टेंबरअखेर करार झाला.

त्या करारातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली, सरहद्दीच्या दोन्ही अंगांना निःशस्त्र पट्टा ठेवावयाचा आणि तिथले किल्ले मोडून टाकावयाचे. दुसरी, पुढे वाद निघालाच तर तो हेगच्या लवादापुढे न्यावयाचा. आणि वाद निघालाच! समुद्रातल्या एका उथळ खडकाळ भागात शेवंडे धरण्याचा हक्क कोणाचा, यावर दोघे अडले. आमच्या कोळी बांधवांना यातले गांभीर्य समजावून सांगावयास नको. १९०९ साली लवादाने तो भाग स्वीडनला दिला. स्वीडनचे कोळी तिथे अधिक पूर्वीपासून आणि अधिक प्रमाणात मासेमारी करीत होते, हे एक कारण त्यांनी मानले. नॉर्वेने निकाल मानला. शेवंडांसाठी कोणी गोळी झाडली नाही.

हा शेजार अगदी निर्मळ राहिला असेही नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नॉर्वे बळकावला, आणि तटस्थ स्वीडनने १९४३ पर्यंत जर्मन सैनिकांना आपल्या रेल्वेने जाऊ-येऊ दिले. नॉर्वेकरांच्या मनात ते राहिले. पण त्याच स्वीडनने नॉर्वेच्या हजारो निर्वासितांना आसरा दिला, हेही राहिले. १९५२ साली नॉर्डिक कौन्सिल स्थापन झाले, पारपत्राशिवाय ये-जा सुरू झाली. आणि फारकतीला शंभर वर्षे झाली तेव्हा, जून २००५ मध्ये, स्विनेसुंदच्या खाडीवर दोन्ही देशांना जोडणारा नवा पूल उघडण्यात आला. फारकतीचा शतकोत्सव पुलाने साजरा करणारे शेजारी विरळाच!

मग फरक कुठे पडला? नॉर्वे-स्वीडनची माणसे देवमाणसे होती आणि आपली नव्हती, असे मुळीच नाही. मला तीन फरक दिसतात. आपल्या खाडीवरचे सहकार्य तिसऱ्याला बुडविण्यासाठी झाले. तो तिसरा बुडताच सहकार्याला विषय उरला नाही. तिकडे विषय रोजचा होता: कुरण, मासा, रेल्वे, नोकरी. दुसरे, आपल्या तहांना मोडल्यावर जाब विचारणारा कोणी नव्हता. महादजी जामीन राहिले, पण जामीनच गेल्यावर कागदाला कोण विचारतो? तिकडे जाब विचारणारा लवाद दोघांनी आधीच कबूल केलेला होता. तिसरे, आणि हे सर्वांत कडू, आपल्या घरातले भांडण आपण शेजाऱ्याच्या ओटीवर नेऊन ठेवले. सुरतेचा तह इंग्रजांनी एकट्याने लिहिला नव्हता. त्यावर सही आपल्या माणसाची होती.

ठाण्याचा तो किल्ला आजही उभा आहे. त्याच्या आत तुरुंग आहे, त्यामुळे सहज पाहता येत नाही. पण खाडी मात्र रोज लाखो माणसे ओलांडतात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली, आणि १८५४ साली खाडीवरच्या पुलावरून ती कल्याणला गेली. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडणारा चाकरमानी दाराशी लोंबकळत ज्या पाण्यावरून जातो, ती एकेकाळची राज्याची सरहद्द. त्याला ते ठाऊक नसते. त्याला साहेबाच्या घड्याळाची काळजी असते.

तसे ते ठाऊक नसणे ही सुखाचीच खूण म्हणावयाची. पण आपल्याही राज्याला आज शेजारी आहेत, सीमा आहेत, नद्यांच्या पाण्याचे वाटे आहेत. देशालाही शेजारी आहेत. कुठल्या तहाची, कुठल्या कराराची बातमी वाचाल तेव्हा दोन मानपाड्यांची आठवण ठेवा, आणि त्या कराराला तीन प्रश्न विचारून पाहा. हे सहकार्य कोणाविरुद्ध आहे, की कशासाठी आहे? मोडल्यास जाब कोण विचारणार? आणि त्यावर सही करताना आपल्या घरात एकवाक्यता आहे ना?

तिन्ही उत्तरे नीट मिळाली तर खाडीवर पूल बांधावयास हरकत नाही.